सोन्याच्या पत्र्यांची तपासणी

काकांच्या घरात खाडाखोड करायची एक रीत होती. फ्रिजवर सामानाची यादी लावलेली असायची. तिच्यातलं काही बदलायचं असेल तर त्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख घालायची. मी पहिल्याच आठवड्यात 'कोथिंबीर' हा शब्द पेनाने गिरवून काळा केला, तर काका यादी हातात घेऊन जिन्यापर्यंत आले.

"अगं, खाली काय लिहिलं होतं ते आता कोणालाच कळणार नाही."

"काका, कोथिंबीर होतं."

"ते तू म्हणतेस," ते म्हणाले आणि यादी परत लावायला गेले.

अमेरिकेत मॉरिसव्हिलमधल्या त्यांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. गॅरेजच्या बाजूने वेगळा जिना होता. नागपूरहून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं, प्रोजेक्ट नवीन होता, आणि ऑफिसमधल्या एका पुणेकराने पत्ता देताना सांगितलं होतं, "माणूस थोडा चक्रम आहे यार, पण एकदम सज्जन." काकांनी तीस वर्षं एका औषधं बनवणाऱ्या कंपनीत कागद तपासायचं काम केलं होतं. गोळी बनवताना कोणी किती वाजता काय मोजलं, कोणी सही केली, ती सही त्याच वेळी केली की मागाहून, हे सगळं बघायचं. त्यांच्या धंद्यात एक वाक्य आहे म्हणे, की ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही. निवृत्त झाल्यावरही ते वाक्य त्यांच्यातून गेलं नव्हतं. दूध संपलं असं सांगितलं तरी ते विचारायचे, "तू बघितलंस की तुला वाटतंय?"

राहायला गेले त्याच दिवशी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन खाली गेले होते. त्यांनी कपाकडे पाहिलं आणि हात जोडले.

"मी घेत नाही. आमच्यात चालत नाही."

आमच्या घरात 'आमच्यात' हा शब्द ऐकला की कान टवकारायची पिढ्यांची सवय आहे. मी जरा ताठच झाले. "तुमच्यात म्हणजे?"

"मॉर्मन," काका म्हणाले. "ख्रिस्ती पंथ आहे. चहा, कॉफी, दारू, काही नाही."

जळगावकडचा, शुद्ध मराठी बोलणारा, स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट भरलेली बरणी असलेला माणूस मॉर्मन कसा, हे मला कळेना. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही मानता ते सगळं?"

"नाही."

"मग चहा का नाही?"

"विश्वास गेला तो गेला. सवयीने काय वाईट केलंय?"

ते गरम पाणी प्यायचे. कपात, बशी ठेवून, फुंकर मारून. रोज दुपारी साडेतीनला.

मॉर्मन कसे झाले ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एका राज्यात शिकायला आले होते. पहिलाच हिवाळा. ताप भरला, खोलीत एकटे पडून होते, आणि विद्यापीठातल्या एका क्लार्कबाईला ते दोन दिवस दिसले नाहीत म्हणून ती शोधत आली. तिने त्यांना आपल्या घरी नेलं, दोन आठवडे ठेवून घेतलं. घरात पाच मुलं, जेवणाआधी प्रार्थना, रोज संध्याकाळी एकत्र बसून ग्रंथाचं एक पान. "मला ग्रंथाने नाही नेलं," काका म्हणायचे, "मला त्या बाईच्या सूपने नेलं. ग्रंथ नंतर वाचला." वर्षभरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच चर्चमधल्या मुलीशी लग्न केलं.

त्यांचे वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून खरेदीखतं, मृत्युपत्रं लिहायचे. दस्तलेखक. मुलाने धर्म बदलल्याचं सविस्तर पत्र पाठवलं, तर त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं : 'तुझे पत्र पावले, मजकुराची नोंद घेतली.' त्यानंतर वडिलांनी मरेपर्यंत एक अक्षर लिहिलं नाही. मोठा भाऊ कळवायचा काय ते. वडील गेले तेही काकांना महिन्याने कळलं.

"रागाने नाही," काका मला समजावायचे. "त्यांची कामाची भाषाच ती होती." हे समजावणं त्यांनी माझ्यासमोर चार-पाच वेळा तरी केलं असेल.

ग्रंथावरचा त्यांचा विश्वास उडाला तो चर्चमध्ये नाही, ऑफिसात. एका प्रयोगशाळेची वही त्यांच्याकडे तपासायला आली होती. रोजच्या रोज लिहिलेली, असा दावा. काकांनी चार पानं उलटली आणि त्यांच्या लक्षात आलं की अख्खी वही एका बैठकीत लिहिलेली आहे. एकच पेन, अक्षराचा एकच कल, शेवटी शेवटी हात दमलेला. कुठे खाडाखोड नाही. "खरी वही मळते गं," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी घरी आलो. जेवणानंतर नेहमीसारखं ग्रंथाचं पान वाचायला घेतलं, आणि डोळे ऑफिसातलेच राहिले. ते मला परत बदलता आले नाहीत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, कारण मलाही माहीत नव्हतं. मॉर्मन लोकांचं म्हणणं असं की साधारण दोनशे वर्षांपूर्वी न्यू यॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला देवदूताने एक टेकडी दाखवली. तिथे सोन्याचे पत्रे पुरलेले होते, त्यांवर प्राचीन लिपीत मजकूर कोरलेला होता. जेरुसलेमहून गलबतात बसून अमेरिकेत आलेल्या लोकांचा तो हजार वर्षांचा इतिहास. त्या तरुणाने देवाच्या कृपेने त्याचा इंग्रजीत अनुवाद सांगितला, दुसऱ्यांनी उतरवून घेतला, आणि काम झाल्यावर पत्रे देवदूत परत घेऊन गेला. तो अनुवाद म्हणजे त्यांचा ग्रंथ, आणि तो तरुण म्हणजे त्यांचा प्रेषित.

"ऑडिटमध्ये कोणी मला असं उत्तर दिलं असतं तर?" काका विचारायचे. "ओरिजिनल रेकॉर्ड कुठे आहे? तर म्हणे ज्याने दिलं त्याने परत नेलं."

त्यांची एक जाड फाइल होती. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे 'होय', उजवीकडे 'नाही'. नाहीमध्ये घोडे होते, गहू होता, पोलाद होतं; त्या काळात अमेरिकेत जे नव्हतंच ते ग्रंथात कसं आलं? इंग्रजी बायबलचे उतारेच्या उतारे होते, त्या भाषांतरातल्या चुकांसकट. त्याच प्रेषिताने इजिप्तच्या जुन्या कागदांवरून वाचून दाखवलेला दुसरा एक ग्रंथ होता. ते कागद पुढे सापडले तेव्हा लिपी जाणणाऱ्यांनी वाचले, तर ते मेलेल्या माणसाबरोबर ठेवायचे नेहमीचे मंत्र निघाले.

पण होयची बाजूही काका तितक्याच नेकीने भरायचे. पत्रे पाहिले म्हणून सही करणारे साक्षीदार होते. त्यांच्यातले काही पुढे प्रेषिताशी भांडले, पंथ सोडून गेले, पण सही कोणी मागे घेतली नाही. "भांडलेला साक्षीदार सही मागे घेत नाही, याचा अर्थ काय लावायचा?" ते मला विचारायचे. जेमतेम शिकलेल्या माणसाने एवढं मोठं पुस्तक दोन-तीन महिन्यांत तोंडी सांगितलं, हेही होयमध्ये होतं. आणि होयच्या एका पानावर मराठीत फक्त एवढंच लिहिलं होतं : 'सूप.'

वाद घालायला ते माणसं शोधत. चर्चमधल्या एका निवृत्त इंजिनिअरशी दर गुरुवारी त्यांची बैठक असे. दोघे म्हातारे टेबलावर पुस्तकं पसरून तीन-तीन तास बोलत. ग्रंथाची पहिली आवृत्ती आणि आजची आवृत्ती शेजारी ठेवून कुठला शब्द कधी बदलला ते बघत. कधी आवाज चढले नाहीत. जाताना तो इंजिनिअर काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो." काका म्हणायचे, "कर. मी मोजत नाही, पण कर."

याउलट शेजारच्या कॅरी गावातल्या एका गणपतीच्या जेवणात कोणीतरी मॉर्मनांच्या चार-चार बायकांवरून विनोद केला. सोन्याचे पत्रे सराफाकडे मोडले असतील वगैरे. सगळे हसले. काकांनी हातातला पापड ताटात ठेवला.

"तू वाचलंयस ते?" त्यांनी त्या माणसाला विचारलं.

"अहो काका, जोक होता."

"वाचलंयस का?"

"नाही."

"मी अकरा वेळा वाचलंय. मला ते खरं वाटत नाही. पण न वाचता हसायचा हक्क तुला कोणी दिला?"

जेवण तसंच टाकून आम्ही निघालो. गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. घर आल्यावर म्हणाले, "माझी बायको रोज सकाळी गुडघ्यावर बसून ज्याच्यावर हात ठेवायची, त्याच्यावर हसला तो."

बायको सात वर्षांपूर्वी मुलीला घेऊन गेली होती, तासाभराच्या अंतरावरच्या गावात. भांडण असं झालं नव्हतं. काका म्हणायचे, "ती म्हणाली, तू रोज जेवणाच्या टेबलावर माझ्या देवाची तपासणी करतोस, मला घास गिळवत नाही. बरोबर होतं तिचं. मला थांबता येत नव्हतं."

तरी ते दर रविवारी चर्चला जात. शेवटच्या ओळीत, दाराजवळ. लोकांना ते आवडत होते की लोक त्यांना सहन करत होते, मला कधी कळलं नाही.

चर्चच्या रिवाजाप्रमाणे घरोघर फिरणाऱ्या प्रचारकांना सभासदांनी आळीपाळीने जेवायला बोलवायचं असतं. एकदा काकांची पाळी आली. दोन मुली आल्या, विशीच्या आतबाहेरच्या, छातीवर नावाच्या पाट्या. काकांनी मुगाची खिचडी आणि कढी केली होती. मला वाटलं, आता यांची काही धडगत नाही. पण काका त्यांना फक्त घरी फोन कधी करता, पावलं दुखतात का, असंच विचारत राहिले. जेवण झाल्यावर एकीची नजर कपाटावरच्या फाइलकडे गेली. तिने विचारलं, "ब्रदर, लोक म्हणतात तुमच्याकडे खूप प्रश्न आहेत. आम्ही ऐकू का?"

काका उठले आणि तिच्या ताटलीत आणखी खिचडी वाढली. "अठरा महिने तुम्हाला घरापासून लांब राहायचं असतं," ते म्हणाले. "आत्ता नाही. घरी जा, आईला भेटा, मग हवं तर फोन करा."

ती मुलगी निघताना जरा रडवेली झाली होती. कशाने ते मला सांगता येणार नाही.

माझ्याबद्दल त्यांना कुतूहल होतं ते वेगळंच. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली होती हे कळल्यावर ते खुर्ची ओढून बसले.

"आजोबांनी आधी ग्रंथ तपासला होता?"

"आजोबांना वाचता येत नव्हतं, काका."

"मग काय तपासलं?"

"आधीचा धर्म तपासला होता ना. तो रोज अंगावरच होता. कुठल्या विहिरीवर पाणी मिळतं, कुठल्या नाही, हे बघायला वाचता कशाला यायला हवं?"

काकांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग त्यांनी विचारलं, "एकटे गेले?"

"नाही. अख्खी वस्ती गेली. आजी, आजोबांचे भाऊ, शेजारी, सगळे. मागे राहिलं नाही कोणी."

"मागे राहिलं नाही कोणी," काका म्हणाले. त्यांनी फाइल काढली, कोरं पान उघडलं, पेन धरलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कुठल्या बाजूला लिहू?" त्यांनी पान तसंच मिटलं.

मी कधीतरी त्यांना सांगितलं होतं की आमच्या वंदनेत धम्माबद्दल 'ये आणि पाहा' अशा अर्थाचा शब्द येतो. त्यावर त्यांनी विचारलं, "पाहिल्यावर काय करायचं, ते सांगितलंय का?"

वडिलांची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती बर्फामुळे ऑफिस बंद होतं त्या दिवशी. आम्ही दोघं वाटाणे सोलत होतो. मॉर्मन लोकांमध्ये मेलेल्या नातेवाइकांचाही बाप्तिस्मा करतात. मृताच्या वतीने कोणीतरी जिवंत माणूस पाण्यात उतरतो. काकांनी वडील गेल्यावर वर्षाने, तेव्हा श्रद्धा पूर्ण होती, वडिलांचं नाव मॉर्मनांच्या मंदिरात दिलं आणि त्यांच्या जागी स्वतः पाण्यात उतरले.

"मी त्यांचं नाव ऐकलं आणि खाली गेलो," काका म्हणाले. "वर आलो तेव्हा मला इतका आनंद झाला होता. वाटलं, आता तरी बोलतील."

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले.

"त्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे दस्त लिहिले. पक्षकाराची सही घेतल्याशिवाय कागद पुढे सरकवला नाही कधी. आणि मी त्यांची सही न घेता त्यांचा धर्म बदलला."

नंतर काकांनी चर्चच्या कचेरीला पत्र लिहिलं होतं. नाव पुसू नका, एकच आडवी रेघ मारा, तारीख घाला, बाजूला माझी सही घ्या. उत्तर सभ्य होतं : आमच्या समजुतीप्रमाणे हे केवळ निमंत्रण असतं, स्वीकारायचं की नाही ते त्या आत्म्याने ठरवायचं.

"वडील नाहीच म्हणाले असतील, ते मला पक्कं ठाऊक आहे," काका म्हणाले. "पण त्यांचा नकार लिहायला जागाच ठेवलेली नाही."

मग मुलीचं लग्न ठरलं.

मॉर्मन मंदिर म्हणजे रविवारचं चर्च नव्हे. मंदिर वेगळं. तिथे लग्न लागतं ते या जन्मापुरतं नाही, अनंतकाळासाठी, आणि आत जायला परवाना लागतो. तो मिळवायला बिशपसमोर बसून काही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, आणि त्यातले काही सरळ श्रद्धेबद्दल असतात. परवाना नसेल तर आईबापही बाहेर.

एका शनिवारी मुलगी आली. काकांसारखंच रुंद कपाळ, बाकी सगळी आईवर गेलेली असावी. तिला मराठी कळायचं, बोलायची इंग्रजीत. मी भाजीचं भांडं परत करायला खाली गेले होते. उठून जायला लागले तर काकांनी मला बस म्हणून खूण केली.

"बाबा, वीस मिनिटांचा इंटरव्ह्यू असतो," ती म्हणाली. "जस्ट से येस."

"कशाला येस म्हणू?"

"सगळ्याला. तुम्ही दर रविवारी येता. तुम्ही चहा पीत नाही. तिथल्या निम्म्या लोकांपेक्षा तुम्ही जास्त मॉर्मन आहात. आणखी काय हवंय तुम्हाला?"

काकांनी टेबलावरचं भांडं बाजूला सरकवलं.

"मला तुम्ही आत हवे आहात," ती म्हणाली. "बस, एवढंच."

"तुला मी खोटी सही केलेली चालेल, बाळा?"

ती रडायला लागली. "हो," ती म्हणाली. "मला चालेल."

काका गेले बिशपकडे. या लोकांत पगारी पुजारी नसतो. शेजारपाजारचाच कोणीतरी काही वर्षं बिशप होतो. इथला बिशप दातांचा डॉक्टर होता. काका दुपारी परत आले, कोट तसाच अंगावर, आणि टेबलाशी बसले. मी गरम पाण्याचा कप ठेवला.

"चांगला माणूस आहे गं," ते म्हणाले. "मला म्हणाला, खात्रीच हवी असं नाही. खरं असावं अशी नुसती आशा असली तरी हो म्हणता येतं. आशा आहे ना तुम्हाला?"

"मग?"

"आहे म्हटलं. रोज आहे. तो म्हणाला, मग हो म्हणा." त्यांनी कपाला हात लावला, पण उचलला नाही. "तोंड उघडलं मी. आवाजच निघाला नाही. तो बिचारा थांबून राहिला. बाहेर पुढची माणसं वाट बघत होती. शेवटी मीच उठलो."

मी म्हटलं, "काका, हल्ली आधी सगळ्यांसमोर साधं लग्न करून मग मंदिरात जाता येतं ना? मी वाचलं. तिला सांगा."

"तिने सांगितलं मला. तिच्या मनात लग्न एकच आहे, आणि ते तिथेच लागतं. दुसरं केलं तर तिच्या दृष्टीने ते नाटक." त्यांनी कोटाचं बटण काढलं. "मी हो म्हणू शकलो नाही, आणि तिला खोटं लग्न करायला सांगू?"

लग्नाच्या दिवशी गाडी मी चालवली. काकांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. सकाळी स्वयंपाकघरात त्यांची बोटं पिवळी दिसली. अक्षता केल्या होत्या, हळद जरा जास्त झाली होती. रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवल्या. मंदिर वीस मिनिटांवर होतं. पांढरा दगड, कापलेलं गवत, फुलांचे वाफे, कुठे पान पडलेलं नाही. दाराशी मुलीची आई भेटली. "आलात, बरं वाटलं," असं इंग्रजीत म्हणाली आणि आत गेली. मग एक एक करून सगळेच आत गेले.

बाहेर बाकावर आम्ही दोघं उरलो, आणि नवऱ्या मुलाची धाकटी बहीण, तिला सांभाळणाऱ्या एका शेजारणीबरोबर. आठेक वर्षांची असेल. लहान मुलांनाही लग्नाला आत नेत नाहीत. ती काकांकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "तुम्ही तर मोठे आहात. तुम्ही आत का नाही गेलात?"

"माझे पेपर्स पूर्ण नाहीत," काका म्हणाले.

तिला ते पटलं. ती फुलांकडे गेली.

काकांनी मला वेळ विचारली. अकराला दहा मिनिटं कमी होती. ऊन चढत होतं. त्यांनी बाकाला पाठ टेकली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि पाचच मिनिटांत त्यांची मान एका बाजूला कलली. तोंड किंचित उघडं. मी हलवणार होते, पण हात धजला नाही. पाऊण तास ते तसेच झोपले होते. मी माझी ओढणी त्यांच्या चेहऱ्यावर सावली पडेल अशी धरली, हात दुखले की बदलत राहिले.

दार उघडलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मी त्यांना उठवलं. ते दचकून उभे राहिले. क्षणभर आपण कुठे आहोत ते त्यांना कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"झालं?"

"झालं, काका."

ते पायऱ्यांपर्यंत गेले. मुलगी खाली आली. काकांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडायला वेळ लागला, फोटोग्राफर खोळंबला. मग त्यांनी चिमूटभर तिच्या डोक्यावर टाकल्या, चिमूटभर नवऱ्याच्या. तो गोंधळून हसला. ती कधी भारतात गेली नव्हती, पण डोकं किती खाली करायचं ते तिला बरोबर माहीत होतं.

त्या लग्नानंतर काकांनी गुरुवारची बैठक हळूहळू बंद केली. इंजिनिअर येत राहिला, पण दोघं नुसतेच बसत. फाइल कपाटावरच असायची. मी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही बाजू भरल्या. बेरीज होत नाही." त्यांचं जेवण कमी झालं. फ्रिजवरची यादी आठवडाआठवडा तशीच राहायची, तिच्यात मारायला रेघही नसायची. मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे लांब गेली होती. दर रविवारी फोन करायची, काका उभ्याने बोलायचे, दोन-तीन मिनिटं.

मलाही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला नोकरी मिळाली आणि मी ते घर सोडलं. निघताना ते म्हणाले, "पोचलीस की कळव. पोचते आहे म्हणून नको, पोचल्यावर." मी कळवलं. पुढे महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा बोलणं व्हायचं. लग्नाला तीन वर्षं झाली त्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला. काका सकाळी उठलेच नव्हते. गुरुवार होता, इंजिनिअरला दार उघडेना, त्याने पोलिसांना बोलावलं.

अंत्यविधी त्यांच्या रविवारच्या चर्चमध्ये झाला. दातांचा डॉक्टर बोलला. तो म्हणाला, या माणसाचा कशावर विश्वास होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याने मला एकदाही खोटं उत्तर दिलं नाही, आणि माझ्या खुर्चीसमोर बसणाऱ्या सगळ्यांबद्दल मला असं म्हणता येणार नाही. लोक खाली बघत होते. इंजिनिअर रडत होता.

मागच्या हॉलमध्ये जेवण होतं. चीज घातलेले बटाटे, हॅम, बायकांनी घरून आणलेले केक. मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. ती गरोदर होती, सहावा-सातवा महिना असावा. फाइल तिने गाडीत ठेवली होती. "उघडली नाही अजून," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "त्या दिवशी बाहेर तुम्ही होतात ना त्यांच्याबरोबर? काय करत होते ते?"

मी तिच्याकडे बघितलं.

"आई म्हणते, रागाने फेऱ्या मारत असतील," ती म्हणाली. "मला आत सतत तेच दिसत होतं. शपथ घेताना, अंगठी घालताना. ते बाहेर उभे आहेत, मंदिराकडे बघतायत, आणि त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे. तीन वर्षं मला तेच दिसतंय."

खरं सांगते, माझ्या तोंडात दुसरं उत्तर तयार होतं. ते उभे होते, तुमच्यासाठी पुटपुटत होते, डोळे मिटून आशीर्वाद देत होते. तिला ते हवं होतं, आणि ते खोटं ठरवायला आता कोणी उरलं नव्हतं. मी प्लेट बाजूला ठेवली.

"झोपले होते," मी म्हटलं.

"काय?"

"बाकावर. आदल्या रात्री झोपले नव्हते. तू आत गेलीस आणि पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. तू बाहेर येईपर्यंत. मी उठवलं."

"रागावले नव्हते?"

"नाही. झोपले होते."

तिने तोंडावर हात धरला. हसते आहे की रडते आहे ते मला समजलं नाही, तिलाही समजलं नसावं. पोटावर दुसरा हात ठेवून ती तशीच बसून राहिली. हॉलमध्ये आवराआवर सुरू झाली होती, चर्चमधले दोघं-तिघं खुर्च्या मिटून भिंतीशी लावत होते. आमच्या टेबलाशी आले तेव्हा त्यांनी आमच्या दोन खुर्च्या सोडल्या आणि पुढच्या उचलायला गेले.